यादीत नसलेली शेळी

दूध डेअरीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुधाचे प्रकार किती असावेत, असं कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं. दोन, गाय आणि म्हैस. पाबळच्या बाजूला एका संकलन केंद्राच्या जोडणीचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा कुणालाच त्यात वावगं दिसत नव्हतं. केंद्रावर दूध मापलं की एक इव्हेंट निघायचा. त्यात खातेदार क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, वेळ आणि प्रकार एवढंच असे. तो तीन प्रोग्रॅम वाचायचे. एक दर लावून दहा दिवसांचं बिल काढी, दुसरा टँकरचा हिशेब ठेवी आणि तिसरा अनुदानाची यादी करी. तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले. मी मधला, म्हणजे सगळ्यांचे फोन ज्याला येतात तो.

शिरूर तालुक्याचा हा पट्टा कोरडवाहू, शेळ्या बऱ्याच दारांत. गावही असं की जिथे १९८३ पासून विज्ञान आश्रम आहे आणि २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. ‘हे यादीत नाही’ म्हटल्याने इथली माणसं थांबत नाहीत. शेळीच्या दुधाला गिऱ्हाईक मिळाल्यावर काही जण ते वेगळ्या कॅनमधून केंद्रावर आणू लागले. ड्रॉपडाऊनमध्ये शेळी नव्हती, तेव्हा मापाड्या ‘म्हैस’ निवडून मोकळा व्हायचा. बंद यादीचा हा पहिला तोटा कुठल्याच लॉगमध्ये दिसत नाही. खरं लिहायला जागा नसली की माणूस त्यातल्या त्यात जवळचं खोटं लिहितो.

मग केंद्राचं सॉफ्टवेअर ज्यांचं होतं त्यांनी नवी आवृत्ती बसवली आणि यादीत ‘शेळी’ आली. कागदावर हा निरुपद्रवी बदल, कारण काढलं काहीच नव्हतं, फक्त एक नाव वाढवलं होतं. सकाळच्या संकलनात शेळीचा पहिला इव्हेंट निघाला आणि बिलाचा प्रोग्रॅम त्यावर आदळला. त्याच्या एनममध्ये, म्हणजे नावांच्या बंद यादीत, दोनच नावं. अनोळखी शब्द दिसताच तो चूक दाखवून बंद पडे, आपोआप पुन्हा सुरू होई आणि तोच इव्हेंट पुन्हा वाचायला घेई. रांग क्रमाने वाचायची असल्यामुळे त्या एका इव्हेंटच्या मागे गाई-म्हशींचं सगळं दूध अडलं. नेमका तो बिलाचा दिवस होता. एका आजींनी केंद्राच्या पायरीवर मला गाठलं. “आवं सायेब, गाय माझी, दूध माझं. मंग दुसऱ्याच्या शेळीपायी माझं बिल का अडलं?” इतका नेमका बग रिपोर्ट मला पुण्याच्या कुठल्याही ऑफिसात मिळालेला नाही.

पण खरा धोका त्यानंतरच्या दुरुस्तीत होता. बिलाचा प्रोग्रॅम ज्यांचा होता त्यांनी घाईघाईत एक ओळ घातली, प्रकार ओळखू आला नाही तर ‘गाय’ समजायचं. तीच ओळ अनुदानाच्या प्रोग्रॅममध्येही गेली. रांग हलली, बिलं निघाली, सगळे खूश. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं होतं, पुढे ते ७ केलं. ते गाईच्या कानातल्या १२ आकडी बिल्ल्याच्या नोंदीवर आणि थेट बँक खात्यात. आता शेळीचं दूध त्या यादीत जाऊन बसलं. यादी वर जाण्याआधी केंद्राच्या सचिवांनी नावं वाचली म्हणून निभावलं. बोट ठेवून ते म्हणाले, “याच्या गोठ्यात गाय कुठाय?” बंद पडलेला प्रोग्रॅम निदान ओरडून सांगतो. चुकीचा अंदाज बांधून पुढे जाणारा गप्प असतो, म्हणून मला तो जास्त घातक वाटतो.

तेव्हापासून कुठलीही यादी दुसऱ्याच्या प्रोग्रॅमकडे जाणार असली की माझा पहिला प्रश्न एकच असतो, उद्या यात नसलेलं नाव आलं तर वाचणाऱ्याने काय करायचं? याचं उत्तर यादीसोबत, पहिल्याच दिवशी, लेखी असायला हवं. नंतर दिलं तर जुन्या वाचणाऱ्यांपर्यंत ते पोचत नाही.

नाव वाढवणं निरुपद्रवी आहे का, हे ते कुठल्या बाजूला जातंय यावर ठरतं. तुमच्या एपीआयकडे येणाऱ्या मागणीत नवा प्रकार स्वीकारायला लागलात तर जुन्या ग्राहकांचं काही बिघडत नाही, ते तो पाठवतच नाहीत. तुम्ही देत असलेल्या उत्तरात किंवा इव्हेंटमध्ये नवा प्रकार घातलात तर मात्र वाचणारा प्रत्येक जण धोक्यात येतो. इव्हेंटचं दुखणं आणखी जास्त, कारण कोण वाचतंय हे पाठवणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊकच नसतं.

जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण रोज आपल्या ब्राउझरमध्ये चालतं. एचटीटीपीचे स्टेटस कोड ही उघडी यादी आहे. नियम असा, की कोड ओळखीचा नसला तर पहिला आकडा पाहायचा आणि त्या गटाच्या मूळ कोडसारखं वागायचं. कायदेशीर कारणाने अडवलेल्या पानासाठी ४५१ हा कोड २०१६ मध्ये प्रमाणित झाला. त्याआधीचे प्रोग्रॅम त्याला ४०० समजून पुढे गेले, कुणी कोसळलं नाही. बारीक नावासोबत एक ढोबळ गट दिला की अनोळखी नावाचंही निम्मं काम भागतं.

आम्ही पुढे एक पाऊल टाकलं. बिलाच्या प्रोग्रॅमला जनावराशी काय देणंघेणं? त्याला हवा होता दरपत्रकाचा क्रमांक, आणि अनुदानाच्या प्रोग्रॅमला हवं होतं ‘पात्र’ की ‘अपात्र’. ते दोन्ही आता इव्हेंटमध्येच जातं. प्रकार फक्त पावतीवर छापण्यापुरता उरला. नावावरून ज्याने त्याने निर्णय काढत बसण्यापेक्षा निर्णयच पाठवणं बरं.

अनोळखी आलं की काय करायचं, हे प्रत्येक वाचणाऱ्यासाठी वेगळं असतं. टँकरवाल्याला लिटरच मोजायचे, त्याने खुशाल पुढे जावं. बिलवाल्याने तो इव्हेंट बाजूला काढावा, तेवढ्या खातेदाराचं बिल रोखावं, माणसाला कळवावं आणि बाकीच्यांचं काम चालू ठेवावं. यादीतलं ‘इतर’ आणि वाचणाऱ्याचं ‘अनोळखी’ यांची गल्लतही करू नये. ‘इतर’ हे मापाड्याने जाणूनबुजून निवडलेलं असतं. ‘अनोळखी’ कुणी पाठवत नाही, ती वाचणाऱ्याची अडचण असते.

इव्हेंटचा साचा ठरवणाऱ्या साधनांमध्ये यासाठी सोयी आहेत, पण त्यांनाही काटे आहेत. प्रोटोबफच्या तिसऱ्या आवृत्तीत एनमची पहिली किंमत शून्य असावी लागते, आणि रकाना भरलाच नाही तर वाचणाऱ्याला शून्यच दिसतो. तिथे ‘गाय’ ठेवलीत तर राहून गेलेली प्रत्येक नोंद गाय होते. शून्य ‘ठरवलेलं नाही’ यासाठीच ठेवावा. अ‍ॅव्ह्रोमध्ये वाचणाऱ्याच्या स्कीमात एनमला डिफॉल्ट देता येतो. तोही खऱ्या जनावराचा देऊ नये.

काढून टाकलेल्या कोडबद्दल राज्यांच्या कोडच्या सरकारी यादीकडून शिकण्यासारखं आहे. डेअरीच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, तो महाराष्ट्राचा. २८ अखंड आंध्र प्रदेशाचा होता. राज्य दुभंगल्यावर तेलंगणाला ३६ मिळाला आणि उरलेल्या आंध्राला जुना २८ न देता ३७ दिला. जुन्या कागदावरचा २८ आजही जुनाच अर्थ सांगतो. लडाखला पुढे ३८ मिळाला, म्हणजे ज्याच्या प्रोग्रॅममध्ये यादी ३७ वर संपत होती त्याला तेव्हा हात घालावाच लागला असणार. इव्हेंट तर वर्षानुवर्षं साठून राहतात, कधीही पुन्हा वाचले जातात. कोड वापरातून काढा, पण त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. प्रोटोबफमध्ये असा क्रमांक राखून ठेवायची सोय आहे.

सगळ्याच याद्या उघड्या ठेवाव्यात असं मात्र नाही. जमा की नावे, सकाळ की संध्याकाळ, यात तिसरं येणार नाही. तिथे कडक यादी ठेवावी आणि चुकीचं आलं तर दारातच परत पाठवावं. ‘सगळीकडे साधा मजकूर ठेवू’ असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्या डेटाबेसमध्ये मग ‘म्हैस’, ‘म्हैशी’ आणि ‘महिस’ अशी तीन जनावरं नांदतात.

आता नव्या कंपनीशी जोडणी करताना पहिल्याच दिवशी मी त्यांच्या चाचणी सर्व्हरवर उंटाचं दूध पाठवतो. पाठोपाठ गाईचे इव्हेंट सोडतो आणि तीन गोष्टी पाहतो. गाईचं बिल निघालं का, उंट बाजूच्या रांगेत पडला का, आणि कुणाच्या तरी मोबाइलवर मेसेज गेला का. एका कंपनीच्या पोराने हसून विचारलं, “सर, पाबळला उंट कुठून येणार?” मी त्याला आधी मेसेज आला का ते पाहायला सांगितलं. आला नव्हता. जोडणी एक आठवडा पुढे गेली.