नराविना पालीची अंडी : परिसर अभ्यासाचा एक पाठ



गेल्या पावसाळ्यात एका द्विशिक्षकी शाळेत चौथीचा पाठ पाहावयास बसलो होतो. एका मुलाने विचारले, "गुरुजी, मोबाईलवर बघितलं, काचेच्या पेटीत एकटीच पाळलेली पाल अंडी घालते. नर नाही, मग अंडी कशी?" गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी अधिकाराच्या सुरात सांगून टाकले, "ते शक्य नाही, कोठेतरी नर असलाच पाहिजे." तोच मागच्या रांगेतील एक मुलगी उठून म्हणाली, "आमच्याकडं कोंबडा नाही, तरी कोंबडी अंडी देतेच की." मला उत्तर सुचेना. पुढील भेटीत तो पाठ मी स्वतः घेतला. तोच येथे देत आहे.

मुलाने पाहिलेली पाल बहुधा लेपर्ड गेको असावी. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत येथील कोरड्या, खडकाळ मुलखातील. युरोप-अमेरिकेत पुष्कळ लोक ती हौसेने पाळतात. तिची एक जातभगिनी महाराष्ट्रात व गुजरातेत रानात आढळते. लोक तिला विषारी समजून ठेचतात. ती मुळीच विषारी नाही.

आता मुख्य मुद्दा. अंडे तयार होणे व अंडे फळणे या दोन निरनिराळ्या क्रिया होत. मादी वयात आली, ऊब व अन्न पुरेसे मिळाले आणि ऋतू आला, म्हणजे तिच्या अंडाशयात बलक भरू लागतो. पक्व झालेला बलक अंडनलिकेत उतरतो व तेथे त्यावर कवच चढते. नराचे बीज कवच चढण्यापूर्वीच मिळावे लागते. ते मिळाले नाही म्हणून कवच चढावयाचे थांबत नाही. असे अंडे बाहेर पडते, परंतु त्यातून पिल्लू निघत नाही. काही दिवसांत ते खचते, त्यावर बुरशी धरते. नर-मादीचा उल्लेख टाळण्यासाठी आपण पुष्कळदा हा भाग गाळतो. खेड्यातील मुलांनी गोठा व खुराडे पाहिलेले असते. संकोच त्यांना नसतो, आपल्यालाच असतो.

निष्फळ अंड्यासाठीही मादीच्या शरीरातील चुना व चरबी खर्च होतेच. म्हणून जाणते पाळणारे एकट्या मादीलाही कॅल्शियमची पूड लावलेले किडे खावयास देतात आणि ओलसर शेवाळाची किंवा काथ्याच्या भुशाची डबी पेटीत ठेवतात. अंडी घालण्यास योग्य जागा न मिळाल्यास ती पोटातच अडकण्याचा संभव असतो. मादी खाणे सोडते, कुंथते, आणि वेळीच पशुवैद्याकडे न नेल्यास दगावते. "नर नाही, तेव्हा अंड्यांची चिंता नाही" हा समज अशा वेळी तिच्या जिवावर बेततो.

तथापि एकट्या मादीचे प्रत्येक अंडे निष्फळच, असेही शिकवू नये. पूर्वी नराचा सहवास झालेली पाल त्याचे बीज कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते. शिवाय पॅसिफिक बेटांवरील लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस या लहान पालीत जवळजवळ सर्व माद्याच असतात. त्यांच्या अंड्यांतून नराविनाच पिल्ले निघतात, व तीही माद्याच. लेपर्ड गेकोची गोष्ट तशी नव्हे.

वर्गात पडताळा घ्यावयाचा तर कोंबडीच बरी. खुडूक कोंबडीखाली ठेवलेले अंडे सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या झोतासमोर धरावे. फळलेल्या अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. निष्फळ अंडे स्वच्छ दिसते. कोंबडा नसलेल्या घरचे एक अंडे शेजारी ठेवले, तर फरक मुले स्वतःच सांगतात.

पालीचे निरीक्षण शाळेच्या भिंतीवरच होते. गाभण मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरे गोळे दिसतात. फटीत किंवा जुन्या नकाशाच्या गुंडाळीमागे तिची अंडी सापडल्यास मुलांनी ती दुरूनच पाहावीत. कोंबडी आपली अंडी फिरवीत असते, म्हणून मुले यांनाही फिरवू पाहतात. पण पालीच्या अंड्याची वरची बाजू खाली झाल्यास आतील गर्भ मरू शकतो. हलविणे भागच असेल, तर वरच्या बाजूस पेन्सिलीने हलकी खूण करावी व ती खूण वर राहील असेच अंडे नव्या जागी ठेवावे.