गिझर बाथरूमबाहेर हवा

चि. मृण्मयीस,


नव्या जागेचे फोटो पाहिले. स्वयंपाकघर छान आहे. पण बाथरूममध्ये टांगलेला गॅसचा गिझर आणि गार वारा येतो म्हणून पुठ्ठा लावून बुजवलेली ती वीतभर खिडकी पाहिल्यापासून जिवाला घोर लागलाय.

सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. कोंडलेल्या जागेत ज्योतीला हवा पुरेनाशी झाली की तो तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटींहून अधिक घट्ट धरतं, त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदू-हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. पित्त झालं असेल म्हणून माणूस अंघोळ उरकू पाहतो, तोवर पायांतलं बळ जातं आणि समोरची कडीही काढता येत नाही.

म्हणून आजच पुठ्ठा काढ. मालकांना सांग, गिझर ड्राय बाल्कनीत हलवा आणि त्याचा धूर पाइपाने बाहेर सोडा. तोवर बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा खेळू द्यायची आणि मगच अंघोळीला जायचं. शॉवरचा हट्ट नको. सोबत राहणाऱ्या मैत्रिणीलाही हे सांग.

शेगडीची ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, भांड्यांची बुडं काळी व्हायला लागली, की बर्नर साफ करून घे.

तुमच्याकडे शेगडीला पाइपचा गॅस आहे. तो हवेपेक्षा हलका, वर छताशी साठतो. गिझरच्या सिलिंडरचा जड, जमिनीलगत पसरतो. वास कुठलाही आला तरी दिव्याचं किंवा एक्झॉस्टचं बटण दाबू नकोस, चालू असेल तर बंदही करू नकोस. कॉक, रेग्युलेटर बंद कर, खिडक्या उघड आणि बाहेर जाऊन फोन लाव. सिलिंडरसाठी १९०६, पाइपच्या गॅससाठी बिलावरचा नंबर.

कुणी बाथरूममध्ये कोसळलंच, तर आधी मोकळ्या हवेत आण आणि डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांग. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगलाच दाखवतं. त्यावर विसंबू नका.

मालक टाळाटाळ करू लागले तर विजेचा गिझर घे. पैसे मी पाठवते.

तुझी,
मावशी