मशीन नको, अर्थिंग बघ

चि. निखिल,


तुझा निरोप मिळाला. मेंढ्या खुशाल तारेतून निघून शेजारच्या रानात गेल्या, आणि आता तू दुप्पट ताकदीचं झटका मशीन मागवणार म्हणतोस. जरा थांब. व्हरमाँटच्या थंडीत कुंपण लुळं पडतं ते बहुतेक वेळा अर्थिंगपायी.

वरोऱ्याच्या शेतात उन्हाळी भुईमुगाला रानडुकरं लागू नयेत म्हणून तुझ्या बाबांनी झटका मशीन बसवलं, तेव्हा मे महिन्यात अर्थिंगच्या सळईभोवती बादलीनं पाणी ओतायचं काम तुझ्याकडेच होतं ना? करंट तारेतून जनावरात, जनावराच्या पायांतून मातीत आणि मातीतून सळईवाटे मशीनकडे परत आला तरच झटका बसतो. तिथे माती वाळून वाट बंद व्हायची, इथे ती गोठून होते. वरून कोरडा भुसभुशीत बर्फ, त्यातून करंट जवळजवळ जातच नाही. त्यात मेंढीच्या अंगावर लोकर; उघडं काय ते नाक आणि कान.

म्हणून परतीची वाट मातीवर सोडू नकोस, तारेतूनच दे. एक तार जिवंत, तिच्या शेजारची अर्थिंगला जोडलेली, पुन्हा एक जिवंत. दोन तारांमधून डोकं घालणारी मेंढी दोन्हींना टेकते आणि खाली कितीही बर्फ असला तरी झटका खाते. मात्र या तारा एकमेकींना लागल्या की सगळं शॉर्ट, तेव्हा त्या सैल ठेवून चालणार नाही. फार ताणूही नकोस. थंडीत पोलादी तार आखडते आणि तुटते. ताण धरायला स्प्रिंग टाक.

ओल्या बर्फाची तऱ्हा वेगळी. तो करंट पितो. सर्वांत खालची जिवंत तार बर्फात बुडाली की तेवढीच तोडता यावी म्हणून तिला वेगळा स्विच हवा.

सळया निदान तीन, प्रत्येकी ६ फूट, एकमेकींपासून १० फुटांवर. त्या खोल हव्यात, कारण वरची माती गोठली तरी खाली ओल टिकते. जमीन गोठण्यापूर्वीच ठोकायच्या, आता घण मारून उपयोग नाही. घराच्या अर्थिंगला किंवा पाण्याच्या पाइपला कुंपण जोडायचा आळशी मार्ग कोणी सुचवेल, ऐकू नकोस. जमीन मोकळी होईल तेव्हा परीक्षा घे: मशीन बंद करून ३०० फुटांवर दोन-तीन लोखंडी सळया मातीत खोचून जिवंत तारेला टेकव, मशीन चालू कर. तारेवर २,००० व्होल्टपेक्षा कमी दिसले की टेस्टर शेवटच्या अर्थिंग सळईला लाव. तिथे ३०० च्या वर आकडा आला तर आणखी सळया ठोकायच्या.

बॅटरीचं थोडक्यात. उणे १८ अंशांत लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या आसपास उरते, आणि उतरलेली असेल तर गोठून फुटते. ती खोक्यात ठेव, भरलेली ठेव. सोलर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साठेक अंशांत उभं कर, म्हणजे बर्फ घसरतो आणि खाली आलेला सूर्यही मिळतो.

जाळीचं कुंपण असेल आणि त्याचे खांब अजून निघत असतील तर आजच गुंडाळ. तिचे खांब एकदा मातीत गोठले की वसंताशिवाय निघत नाहीत, आणि बर्फाच्या वजनाने लोंबलेल्या जाळीत मेंढीची मान अडकते.

माझं स्पष्ट मत विचारशील तर जानेवारी-फेब्रुवारीत मेंढ्यांना मोठ्या रानात ठेवायचंच कशाला? वाऱ्याने तारेलगत बर्फाचा ढीग साचतो, त्यावर टणक कवच धरतं आणि मेंढ्या त्यावरून चढून पलीकडे उतरतात. तिथे कितीही व्होल्ट असोत. गोठ्याजवळ फळ्यांचं आवार कर आणि वैरण कुंपणापासून लांब, मधोमध टाक. पोट भरलेलं जनावर तारेच्या वाटेला जात नाही. आणि वैरण टाकायला जाशील तेव्हा टेस्टर खिशात असू दे. तारेवर ४,००० च्या खाली दिसलं तर त्याच फेरीत कारण शोध, संध्याकाळवर टाकू नकोस.

तुझा
मामा