बाण खरा, वाट तपासून घे

बयो, येत्या शनिवारी तू पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन ताम्हिणीमार्गे घरी येणार, हे आईकडून कळलं. फार बरं वाटलं. कुठल्या नकाशावर भरवसा ठेवू, असं विचारत होतीस म्हणे. ऐक तर मग.

‘जीपीएस चुकलं’ असं आपण सहज म्हणतो, पण बहुतेक वेळा चूक त्याची नसतेच. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्राला एवढंच कळतं, की तू या घडीला कुठे आहेस. रस्ता कुठे वळतो, एकेरी आहे का, दुभाजक कुठे तुटतो, हे सगळं नकाशात कुणीतरी भरलेलं असतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही त्यावरून गेलो. तुझ्या भावजींच्या गाडीतला नकाशा गाडी घेतली त्या सालचा. पडद्यावर आमचा बाण मोकळ्या रानातून पळत होता आणि नकाशातली बाई सारखी ‘मागे वळा’ म्हणत होती. बाण अगदी बरोबर जागी होता गं, खालचा कागद जुना होता.

म्हणून आवाज गोड आहे की चित्र देखणं, हे बघू नकोस. जो भाग तुला तळहातासारखा ठाऊक आहे, तिथे त्याची परीक्षा घे. आपल्याच गावाचं नाव टाक. एक नकाशा ग्रामपंचायतीपाशी आणून सोडेल, कारण त्याच्या लेखी गाव म्हणजे एकच ठिपका. खालची वाडी, वरची वाडी, मधला पऱ्या त्याच्या गावीही नसतो. दुसरा कदाचित थेट आपल्या बेड्यापर्यंत आणेल.

आणि ती पाखाडी! गेल्या पावसाळ्यात रात्री मला घाई होती. नकाशानं दोन वाड्यांमधली जवळची वाट दाखवली, मी वळले, आणि दिव्यांच्या उजेडात समोर जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या. एका बाजूला गडगा, दुसरीकडे उतार. लहानपणी शंभरदा उतरलेली पाखाडी मला ओळखू आली नाही, कारण पडद्यावर ती पक्क्या सडकेसारखीच रेघ होती. गाडी मागे घेताना हात कापत होते. रेघ असणं आणि त्या रेघेवरून चारचाकी जाणं यातलं अंतर मला त्या रात्री कळलं.

आता कुठला नकाशा, ते सांगते. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ साली इंग्लंडात सुरू झाला. त्यात कुणीही भर घालू शकतं, आणि पायऱ्यांची नोंद वेगळी करता येते. जिथे कुणी हौसेनं भरलंय तिथे पायवाटासुद्धा सापडतात, शेजारच्या गावात मात्र कोरं. मॅपमायइंडिया ही आपली देशी कंपनी १९९५ पासून नकाशांच्या कामात आहे, तिचं मॅपल्सही लावून बघ. गर्दीचा अंदाज गूगलचा चांगला, कारण तो रस्त्यावरच्या असंख्य फोनांवरून बांधलेला असतो. पण घाटात फोनच मोजके, तेव्हा तिथे त्या रंगांवर फार विसंबू नकोस. पावसात दरड येऊन घाट बंद झाला तर ते कुठल्याही नकाशावर उशिराच उमटायचं. त्यासाठी आदल्या रात्री बातम्या बघ.

मुळशी सोडलंस की रेंज जाईल. उपग्रहाला रेंज लागत नाही, नकाशाला लागते. म्हणून घरूनच तो भाग फोनमध्ये उतरवून ठेव. दोन नकाशे दोन वाटा सांगू लागले तर टपरीवर थांब. ‘रस्ता आहे का?’ असं नको विचारूस, सगळे हो म्हणतील. ‘काल-परवा चारचाकी गेली का इकडून?’ असं विचार.

पाखाडीची नकाशातली दुरुस्ती मी पाठवली आहे, अजून झालेली नाही. माणगावला पोचलीस की फोन कर. फाट्यावर मी बॅटरी घेऊन उभी राहते.