बांधकामावरील अपघात : दैव की दुर्लक्ष?

बांधकामावर मजूर दगावला की ‘त्याचे दैव’ म्हणून विषय मिटविला जातो. वास्तविक, अपघाताचे कारण अपघातापूर्वीच तेथे तयार असते.

परांचीवरून, सुमारे ५ मीटर उंचीवरून, पडणारा मनुष्य एका सेकंदात जमिनीवर आदळतो. तेव्हा त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटर असतो. सावरण्यास अवधीच मिळत नाही. पायाच्या चरातील माती तशीच घातक. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे दीड टन भरते. ती छातीवर आली की श्वास थांबतो.

म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम धोकाच दूर करावा : खोल चराच्या बाजूंना उतार किंवा फळ्यांचा आधार द्यावा, उपसलेली माती काठापासून दूर टाकावी. नंतर धोका अडवावा : परांचीला कठडा, स्लॅबमधील मोकळ्या जागेवर भक्कम झाकण. शिरस्त्राण व सुरक्षापट्टा हे शेवटचे उपाय होत. पट्टा बळकट आधाराला अडकविलेला नसेल, तर तो निरुपयोगीच.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने देखरेखीची व अपघात टाळण्याची जबाबदारी मालकावर सोपविली. परंतु ‘ही परांची डळमळते’ असे म्हणणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडत असेल, तर तो गप्पच राहील.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी ठेकेदार, कोणी गवंडी. त्या मजुराचे म्हणणे ऐकून काम थांबविणे, हीच सुरक्षेची पहिली पायरी होय.