परवाना देखरेखीखाली असताना

ज्यांच्या परवान्यावर देखरेख आहे अशा परिचारिका, डॉक्टर आणि फार्मासिस्ट मंडळींसाठी हे लिहिते आहे. मी त्यांच्यातलीच एक. मिरजेत नर्सिंग शिकले, लग्नानंतर अमेरिकेत आले, आयसीयूत काम केलं. दारूचं व्यसन जडलं, उपचार घेतले आणि परवाना टिकावा म्हणून राज्याच्या देखरेख कार्यक्रमात नाव घातलं. असे करार बहुधा तीन ते पाच वर्षांचे असतात. या काळात आपल्या शब्दापेक्षा प्रयोगशाळेच्या आकड्याला जास्त वजन असतं. म्हणून तो आकडा कसा तयार होतो, हे आपल्याला नीट ठाऊक हवं.

रोज सकाळी फोनवरचं ॲप उघडायचं. नाव निघालं की त्याच दिवशी सॅम्पल द्यायचं, मग ड्युटी असो की मुलीच्या शाळेतला कार्यक्रम. सेंटरवर पर्स बाहेर ठेवायची, खिसे रिकामे करून दाखवायचे. कमोडच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो. कपावर तापमानाची पट्टी असते. चार मिनिटांच्या आत ती 32 ते 38 अंश सेल्सिअसच्या दरम्यान दिसावी लागते. मग आपल्या डोळ्यांदेखत बाटली सील होते आणि सीलवर आपण सही करतो. सील होईपर्यंत बाटलीवरची नजर हलवू नका. बाटलीवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर स्वतः ताडून पाहा.

या लघवीत शोधतात ती निव्वळ दारू नव्हे; ती काही तासांत शरीराबाहेर जाते. पण तिचा अगदी थोडा अंश शरीरात वेगळ्या वाटेने जातो आणि त्यापासून एथिल ग्लुकुरोनाइड, म्हणजे ईटीजी, आणि एथिल सल्फेट, म्हणजे ईटीएस, तयार होतात. हे दोन-तीन दिवस सापडतात, खूप प्यायलेल्यांत त्याहून थोडे अधिक. तिसरी खूण रक्तातली: फॉस्फॅटिडिलएथॅनॉल, म्हणजे पेथ. ती लाल पेशींच्या आवरणात तयार होते आणि दोन ते चार आठवडे दिसत राहते. 2022 मध्ये बासेल इथे तज्ज्ञांनी पेथच्या मर्यादांवर एकमत केलं: मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या आत आकडा असेल तर तो दारू न पिण्याशी किंवा अगदी कमी पिण्याशी जुळतो, 200 च्या पुढे गेला तर भरपूर पिणं धरतात.

एका लाँग वीकएंडच्या आधी दिलेल्या माझ्या सॅम्पलमध्ये ईटीजी पॉझिटिव्ह आलं. कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह ठरवायची मर्यादा, मिलिलिटरला 100 नॅनोग्रॅम होती, माझा आकडा तिच्या वर. मी दारूला स्पर्शही केला नव्हता. कार्यक्रमाकडून फोन आला: आजपासून ड्युटी बंद. पलीकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, ‘पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह’. आयसीयूतलं माझं वेळापत्रक दुसऱ्या दिवशी दुसरीच्या नावावर गेलं.

माझ्या सल्लागाराने रडू दिलं आणि मग कामाला लावलं. त्याच दिवशी स्वखर्चाने पेथसाठी रक्त दिलं. प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल लेखी अर्जाने मागवला. त्यात ईटीएस नव्हतंच. उरलेल्या लघवीत साखर तपासायची विनंती केली, ती भरपूर निघाली. मला मधुमेह आहे आणि मी डापाग्लिफ्लोझिन घेते. ते औषध रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढतं. त्यातच त्या आठवड्यात लघवीचा संसर्ग होता. सुट्टीत बाटली थंडाव्याविना पडून राहिली. यीस्टने साखर आंबवून बाटलीतच दारू केली आणि ई. कोलाय जंतूंनी त्या दारूपासून ईटीजी. अशा लघवीत सॅम्पल घेतल्यानंतरही ईटीजी तयार होऊ शकतं, हे स्वीडनमध्ये अँडर्स हेलँडर आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्येच दाखवून दिलं आहे. जंतू ईटीएस मात्र तयार करत नाहीत. पेथ निगेटिव्ह आलं, विषशास्त्रज्ञाने लेखी मत दिलं आणि मी कामावर परतले. बुडालेला पगार मिळाला नाही.

हेच जंतू उलटही करतात: सॅम्पलमधलं ईटीजी खाऊन टाकतात आणि प्यायलेल्याचा रिपोर्ट स्वच्छ येतो. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. अमेरिकेच्या ‘सॅम्सा’ या संघीय संस्थेने 2006 मध्येच एका पत्रकात बजावलं होतं की केवळ ईटीजी पॉझिटिव्ह आलं एवढ्यावरून कुणावर शिस्तभंगाची कारवाई करणं शास्त्राला धरून नाही. हे पत्रक स्वतःजवळ ठेवा.

आता मी शिकले ते तुमच्यासाठी.

करार शांतपणे, दोनदा वाचा. कट-ऑफ किती, ईटीएस तपासतात का, मूळ सॅम्पल दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायची मुदत किती, हे लिहून घ्या. तुमचे आजार आणि औषधांची यादी पहिल्याच दिवशी लेखी द्या. मधुमेह आणि लघवीचा संसर्ग तर आवर्जून. संसर्ग झाला की कळवा आणि उपचार घ्या.

घरातलं कपाट तपासा. आपल्या घरांत जे असतं ते इथल्या समुपदेशकांच्या यादीत नसतं. आईने प्रेमाने पाठवलेलं द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट आंबवूनच बनतं. त्यात साधारण 5 ते 10 टक्के अल्कोहोल असतं. होमिओपॅथीचे मूळ अर्क अल्कोहोलमध्येच असतात. मूळ लिस्टरीनमध्ये ते 26.9 टक्के असतं, आणि अमेरिकी नियमानुसार व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टमध्ये किमान 35 टक्के.

सॅनिटायझर आपल्या पेशात टळत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातल्या एका अभ्यासात काही जणांनी तीन दिवस, रोज दहा तास, दर पाच मिनिटांनी हात चोळले. ईटीजी 1,000 नॅनोग्रॅमच्याही वर गेलं. जिथे चालेल तिथे साबण-पाणी वापरा. सॅनिटायझर लावलं की हात वाळू द्या, तोंडाजवळ नेऊ नका.

चाचणी फक्त दारूचीच नसते, म्हणून खसखसही टाळा. तिच्यात मॉर्फिन आणि कोडीनचे अंश असतात. अमेरिकेने संघीय नोकऱ्यांसाठी मॉर्फिनचा कट-ऑफ 1998 मध्ये 300 वरून 2,000 नॅनोग्रॅमवर नेला तो यामुळेच. पण तुमच्या कार्यक्रमाचा कट-ऑफ त्याहून खाली असू शकतो. 2023 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यानेही सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं. दिवाळीत अनारशांचं ताट पुढे आलं की ‘वहिनी, मला यातलं चालत नाही’ एवढं म्हणायला लाजू नका. डिंकाच्या लाडवांचं आणि वाटणाचंही तेच.

घटाघटा पाणी पिऊन जाऊ नका. लघवीतलं क्रिएटिनिन डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमखाली गेलं की सॅम्पल पातळ ठरतं आणि संशय वाढतो.

पॉझिटिव्ह आलंच तर फोनवर अंदाज बांधत खुलासे देऊ नका. त्याच दिवशी पेथ करून घ्या, ईटीएसचा आकडा मागा, मूळ सॅम्पल जपून ठेवायची विनंती ईमेलने करा.

आणि खरोखर प्यायला असाल, तर नाव निघण्याआधी स्वतः सांगा. लपवलेला घोट आणि सांगितलेला घोट यांत कार्यक्रम फरक करतात. आजार पुन्हा उलटतो. तेव्हा मदत मागणं हाच उपचार.

भारतातही हा विषय दूरचा राहिलेला नाही. 31 जानेवारी 2022 पासून डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेने वैमानिक, केबिन क्रू आणि हवाई वाहतूक नियंत्रकांच्या अचानक चाचण्या सुरू केल्या: गांजा, कोकेन, अफूवर्गीय द्रव्यं, ॲम्फेटामाइन, बार्बिट्युरेट, बेंझोडायझेपिन. 2023 मध्ये क्रूला अल्कोहोल असलेला माउथवॉश आणि टूथ जेलही बंद झालं. आपली मुलं त्या पेशात असतील तर हे त्यांनाही वाचायला द्या.

चाचणीचा राग मलाही आला होता. पण माझ्या हातात रुग्णाचं सलाइन असतं. मी शुद्धीत आहे याची खात्री मागायचा त्याला हक्कच आहे. शिवाय मी प्यायले नाही हे शेवटी सिद्ध केलं तेही चाचणीनेच. एका आकड्यावर माणसाचा निकाल लावू नये, हे कार्यक्रमांना सांगत राहायला हवं. आणि एका आकड्याने खचून जाऊन बाटलीकडे वळू नये, हे आपण एकमेकींना. आज करार बाहेर काढा, औषधांची यादी लिहा आणि अडचण आली तर ज्याला पहिला फोन करायचा त्याचा नंबर त्याच कागदावर टिपून ठेवा.