पदवीच्या उंबरठ्यावर

वाचनभाग : दानीएल १:१-२१, लूक १४:२८-३०, प्रेषितांची कृत्ये १६:६-१०
सुवर्णवचन : नीतिसूत्रे १६:९

फेब्रुवारीतील एका रविवारी उपासना संपल्यावर बालाघाटच्या मंडळीतील एक मुलगी आमच्यापाशी येऊन उभी राहिली. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी मराठी, कॉलेजात हिंदी आणि संडे स्कूलमधील लहानांच्या वर्गाला दोन्ही भाषांत शिकवते. (तिच्या परवानगीने हे लिहीत आहोत; नाव देत नाही.) ती म्हणाली, "काका, बाबा म्हणतात, पटवारी भरतीचा फॉर्म निघाला की भर. पुण्याचा मामा म्हणतो, इकडे ये, कंपनीत लावून देतो. मला तर शाळेत शिकवावेसे वाटते. यांतली देवाची इच्छा कोणती, हे कसे ओळखायचे?"

आम्ही म्हणालो, "प्रार्थना कर, बाळ. प्रभू मार्ग दाखवील."

"बरं, काका," असे म्हणून ती निघून गेली. घरी आल्यावर आम्हांला आमचीच लाज वाटली. उत्तर खोटे नव्हते, परंतु ते देऊन आम्ही आपली सुटका करून घेतली होती. शेवटच्या वर्षाला असताना आम्हीही एका वडीलधाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता आणि हेच उत्तर घेऊन परतलो होतो. त्यानंतर तीन वर्षे जो फॉर्म निघेल तो आम्ही भरत गेलो. नापास झालो की म्हणायचे, "प्रभूची इच्छा नव्हती." आमचा अभ्यास अपुरा होता, हे कबूल करायला ती तीन वर्षे लागली. आपल्या आळसावर आम्ही प्रभूचे नाव घातले होते. त्या मुलीचे तसे होऊ नये म्हणून आम्ही पवित्र शास्त्र पुन्हा उघडले. त्या अभ्यासातून जे मिळाले ते येथे देत आहोत.

बालाघाटच्या मराठी घरांत हा प्रश्न थोडा अधिकच अवघड असतो. १९५६ पर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळ झाली. तेव्हापासून सोयरीक गोंदिया-नागपूरकडे आणि नोकरीचा अर्ज भोपाळकडे, अशी आमची ओढाताण आहे. भरवेलीला मँगनीज आहे, मलाजखंडला तांबे आहे, सभोवार धानाची शेती आहे. पण मुलगा वा मुलगी पदवीच्या जवळ आली की घरोघरी एकच आशा, सरकारी नोकरी. ती लागली तर प्रभूचा आशीर्वाद, न लागली तर जणू शाप! हे शास्त्राला धरून आहे काय?

१. राजाची परीक्षा होण्यापूर्वी

दानीएलाच्या पहिल्या अध्यायाकडे आपण बहुधा आहाराचा धडा म्हणून पाहतो. खरे तर ती विद्यार्थ्यांची गोष्ट आहे. यहूदातील हुशार तरुण बाबेलात नेले जातात. तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठरतो (वचन ५). भाषा परकी, विद्या परकी, नावेसुद्धा बदललेली. शेवटी राजासमोर तोंडी परीक्षा आणि मग नेमणूक (वचने १८-२०). आजच्या पदवीपेक्षा यात वेगळे ते काय?

दोन वचने शेजारी ठेवून पाहा. राजाने दानीएलाला सेवेत घेतले ते १९ व्या वचनात. दानीएलाने मनात निश्चय केला तो ८ व्या वचनात. मधे सारा अभ्यासक्रम आहे. नेमणूक राजाच्या हाती होती. निश्चय दानीएलाच्या हाती होता, आणि तो त्याने आरंभीच करून टाकला.

त्याने काय नाकारले आणि काय स्वीकारले, हेही पाहावे. खास्द्यांची विद्या नाकारली नाही. तीत तो पहिला आला. परक्या राजाची नोकरी नाकारली नाही. ती त्याने इमानाने केली. आपण विटाळू नये एवढे एकच त्याने राखले. म्हणून जे म्हणतात की उपदेशक झाला तरच मुलगा प्रभूच्या सेवेत, बाकी सारे पोटासाठी, त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. सरकारी कचेरीतही दानीएल असतो.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. मी कोठे काम करीन, हा एक; मी कोणाचा, हा दुसरा. आपण पहिल्यापाशी अडून बसतो आणि दुसरा विचारायचा राहून जातो. आमच्याच राज्यात २०१३ साली व्यापम भरतीचे प्रकरण उघडकीस आले. परीक्षेस दुसऱ्यालाच बसवणे, पैसे देऊन जागा मिळवणे, अशा आरोपांवरून कित्येकांना अटक झाली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द केल्याचा निर्णय कायम केला. त्यांतील किती घरांत आईबापांनीच पैशांची जुळवाजुळव केली असेल! "जागेसाठी पैसे मागितले तर काय करायचे?" याचे उत्तर मागणी आल्यावर शोधू नये. ते फॉर्म भरण्यापूर्वी, घरातील सर्वांनी बसून ठरवावे. वचन ८ हे वचन १९ च्या आधी आले पाहिजे.

२. दहा दिवसांची मागणी

दानीएलाचा निश्चय पक्का होता, परंतु त्याची वाणी नम्र होती. कारभाऱ्याला राजाचे भय आहे, हे त्याने ओळखले. तो भांडला नाही; दहा दिवस पाहा, मग ठरवा, असे म्हणाला (वचने ११-१३).

घरात मतभेद झाले की आमचे तरुण एक तर गप्प बसतात, नाही तर घर सोडण्याची भाषा करतात. दानीएल तिसरी वाट दाखवतो. वडिलांचा नकार ऐकताना त्यामागील भीती ऐकावी आणि लहानशी कसोटी मागून घ्यावी. शिकवण्याची ओढ आहे ना? मग परीक्षेनंतर बैहरकडच्या एखाद्या शाळेत, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, दहा दिवस जावे. गोंड-बैगा वस्तीतील मुलांना अक्षरे गिरवून द्यावीत. अकराव्या दिवशी घसा बसलेला असताना पुन्हा जावेसे वाटते काय, ते पाहावे. स्वप्नात न कळणाऱ्या कितीतरी गोष्टी दहा दिवसांत कळतात.

३. आधी बसून खर्चाचा अंदाज

बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे प्रभू येशूने सांगितले. हिशेब करणे म्हणजे अविश्वास, असे काहींना वाटते. प्रभूला तसे वाटले नाही.

शिकवायचे असेल तर कोणत्या वर्गाला, हे आधी ठरवावे लागते. बी.एड. केले की सर्व दारे उघडली, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, त्यासाठी डी.एल.एड. सारखे प्राथमिक शिक्षणाचे प्रशिक्षण हवे. दोन्ही अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे. त्यानंतर पात्रता परीक्षा, मग भरतीची वाट पाहणे. ही वर्षे घर कसे चालेल? धाकट्याची फी कोण भरील? शिकवण्या घेऊन किती मिळतील? हे सारे कागदावर लिहावे. पुण्याच्या पगाराचेही तसेच. हातात येणारी रक्कम, खोलीचे भाडे, खानावळ आणि जाणे-येणे एकाखाली एक मांडावे. बेरीज-वजाबाकी झाल्यावर केलेली प्रार्थना अधिक खरी असते. आपण काय मागत आहोत, हे तेव्हा आपल्याला ठाऊक असते.

४. बंद झालेले दरवाजे

पौल आणि त्याचे सोबती आसियाकडे निघाले, मार्ग अडला. बिथुनियाकडे वळले, तोही अडला. ते त्रोवसास पोहोचले तेव्हा हाती काहीच नव्हते. मासेदोनियाचा मनुष्य दिसला तो तेथे. दोन दरवाजे बंद झाले यावरून त्यांनी आपल्या पाचारणाविषयी शंका घेतली नाही. ते चालत राहिले. आणि १० व्या वचनात पौल एकटा निर्णय करीत नाही. सर्वांनी मिळून अनुमान काढले आहे.

येथे आमच्यासारख्यांनी सावध राहावे. न केलेल्या अभ्यासाचे खापर आत्म्यावर फोडू नये. परंतु जी मुले मनापासून अभ्यास करून दोन-चार गुणांनी राहतात, त्यांना आम्ही हेही सांगू की, निवड यादी ही जीवनाच्या पुस्तकातील यादी नव्हे.

५. जबलपूरची मुलगी, जामखेडचे काम

आपल्या मराठी मंडळ्यांतले एक उदाहरण देतो. डॉ. मेबल आरोळे यांचा जन्म १९३५ साली जबलपूरचा, म्हणजे आमच्या छोट्या लाईनच्या दुसऱ्या टोकाचा. ती लाईन आता मोठी झाली आहे. डॉ. रजनीकांत आरोळे त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातून १९५९ साली डॉक्टर झाले. त्या वर्षी मेबल पहिल्या आणि रजनीकांत दुसरे. अशा विद्यार्थ्यांना कोणते शहर नाही म्हणाले असते? १९६० साली विवाहाच्या वेळी दोघांनी नवस केला की, आपले आयुष्य खेड्यांतील उपेक्षितांसाठी द्यायचे.

मग दुसऱ्याच दिवशी जामखेड उभे राहिले काय? नाही. आधी वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काही वर्षे काम केले. टाळता येण्याजोगे आजार घेऊन माणसे पुन्हा पुन्हा येतात आणि केवळ औषधाने भागत नाही, हे त्यांनी तेथे पाहिले. पुढे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. जामखेडचा प्रकल्प सुरू झाला १९७० साली. पदवीनंतर अकरा वर्षांनी. निश्चय आधी झाला होता, जागा नंतर सापडली. दानीएलाचा क्रम तोच.

आणि त्यांनी तेथे काम कोणाच्या हाती दिले? खेड्यातल्या स्त्रियांच्या. त्यांतील कित्येक निरक्षर आणि दलित समाजातील होत्या. त्या बाळंतपणे सांभाळू लागल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या, पिण्याच्या पाण्याविषयी गावाला सांगू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पदवी ही देणगी आहे. पण पदवीवाचून प्रभूला माणूस वापरता येत नाही, असे जामखेड पाहिलेला कोणी म्हणणार नाही.

६. मंडळीकडे काय आहे?

नोकरी लागलेल्याचे अभिनंदन आम्ही वेदीसमोर करतो, ते योग्यच आहे. न लागलेला कोठे बसतो? बहुधा शेवटच्या बाकावर, आणि काही महिन्यांनी तेथेही नसतो. त्याला "काय, लागले का कुठे?" असे दर रविवारी विचारण्याऐवजी त्याच्याबरोबर बसून फॉर्म वाचणारा एक वडील, पुस्तकासाठी थोडा निधी, आणि नागपूरला परीक्षेस गेल्यावर एका रात्रीचा आसरा देणारे एक ख्रिस्ती घर, एवढे तरी मंडळीने द्यावे. मासेदोनियाचे अनुमान सर्वांनी मिळून काढले होते.

मार्च महिन्यात आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो आणि अंगणात खाटेवर बसून कागद-पेन्सिल घेतली. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिच्या शिकवण्याला माझा विरोध नाही, भाऊ. माझ्यामागे हिचे काय, एवढीच भीती आहे." मुलीने हे प्रथमच ऐकले असावे. ती काही बोलली नाही. उठून त्यांना पाणी दिले. शेवटी ठरले ते असे : तिने बी.एड. करावे; पटवारीचा फॉर्म निघाला तर तोही भरावा आणि अभ्यास करून द्यावा; जागेसाठी एक पैसाही कोणाला देऊ नये; दोन वर्षांनी पुन्हा याच खाटेवर बसावे. पुढे काय होईल, हे आम्हांला ठाऊक नाही. ती कोणाची आहे, एवढे मात्र तिला आणि तिच्या वडिलांना ठाऊक आहे.

शिक्षकांसाठी प्रश्न

१. दानीएलाने बाबेलातील कोणत्या गोष्टी स्वीकारल्या व कोणती नाकारली? का?
२. वर्गातील प्रत्येकाने आपले 'वचन ८' एका वाक्यात लिहावे.
३. खर्चाचा हिशेब करणे आणि विश्वास ठेवणे यांचा मेळ कसा घालावा?
४. एखादा दरवाजा प्रभूने बंद केला की आपल्या आळसाने, हे कसे ओळखावे?
५. आपल्या मंडळीत यंदा शेवटच्या वर्षाला कोण आहे? त्यांच्या घरी या महिन्यात कोण जाईल?

प्रार्थना

हे प्रभू, आमची मुले उंबरठ्यावर उभी आहेत. नेमणूक कोणाच्याही हाती असो, त्यांची अंतःकरणे तुझ्या हाती असोत. आईबापांची भीती दूर कर, आणि आम्हां वडील मंडळींना सोपी उत्तरे देण्यापासून राख. येशूच्या नावाने मागतो. आमेन.